क्लायमेट मॉडेलचा डेटा हवाय? मागवण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे रिसर्चवाल्यांचा पहिला मेसेज बहुतेक वेळा असा असतो, "सीएमआयपी६चा सगळा डेटा पाहिजे, किती दिवसांत मिळेल?" सीएमआयपी६ म्हणजे जगभरच्या क्लायमेट मॉडेलांनी एकाच पद्धतीने केलेल्या प्रयोगांचा एकत्र साठा. सगळा म्हणजे किती ते आधी बघू. एक अंशाची जाळी धरली तर पृथ्वीवर ३६० गुणिले १८० म्हणजे ६४,८०० चौकोन होतात, प्रत्येकाला दिवसाचा एक आकडा आणि एका आकड्याला ४ बाइट, म्हणजे दिवसाला जेमतेम पाव एमबी. काहीच नाही वाटतं ना? पण २०१५ ते २१०० ही ८६ वर्षं घेतली की नुसता रोजचा पाऊसच ८ जीबीच्या वर जातो, तोही एकाच मॉडेलचा, एकाच सिनारिओचा (पुढे उत्सर्जन किती होईल याचं एक गृहीत चित्र) आणि एकाच रनचा (मॉडेल एकदा चालवून आलेला), कॉम्प्रेस न करता. मॉडेलं डझनावारी आहेत, व्हेरिएबल (पाऊस, तापमान अशा मोजायच्या गोष्टी) शेकड्यांनी, त्यामुळे अख्खा साठा पेटाबाइटमध्येच मोजावा लागतो. तो सगळा तुम्हाला लागणारच नाहीये. तुमच्या प्रश्नापुरता तुकडा लागतो, आणि तो नीट कापून, तपासून, त्याच्या सगळ्या ओळखीसकट तुमच्या हातात देणं हेच आमचं काम.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, हा डेटा आम्ही विकत नाही. तो मुळात खुला आहे. अर्थ सिस्टम ग्रिड फेडरेशन, म्हणजे ईएसजीएफ, ही अनेक देशांतल्या सर्व्हरची मिळून बनलेली व्यवस्था आहे, अमेरिका, जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इथे तिचे नोड आहेत आणि एकाच फाइलची कॉपी बऱ्याचदा दोन-तीन ठिकाणी असते, एक नोड बंद असला तर दुसरीकडून घ्या. स्वतः उतरवायचा असेल तर वीगेट या डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रॅमची स्क्रिप्ट मिळते, पायथॉन येत असेल तर क्लाउडवर झार फॉरमॅटमध्ये (छोट्या तुकड्यांत साठवायची पद्धत) ठेवलेला बराचसा डेटा डाउनलोड न करताच वाचता येतो. जमत असेल तर जरूर करा, अडलात तर विचारा. पैसे आम्ही घेतो ते निवडणं, कापणं आणि तपासणं याचे.

फाइल हातात आली की आधी तिचं नाव वाचा. लांबलचक दिसतं पण तिची कुंडलीच असते ती. पहिलं व्हेरिएबल, मग रोजचं की महिन्याचं, मग मॉडेल, मग प्रयोग, मग आर१आय१पी१एफ१ असं काहीतरी, मग ग्रिड आणि शेवटी कालावधी. यातला आर म्हणजे सुरुवातीची स्थिती थोडी बदलून केलेला कितवा रन, आय म्हणजे सुरुवात कशी केली, पी फिजिक्स आणि एफ फोर्सिंग, म्हणजे ज्वालामुखी, कार्बन डायऑक्साइड असे बाहेरून दिलेले घटक. पुष्कळजण डोळे झाकून एफ१ शोधतात आणि यूकेईएसएम१ या मॉडेलचा डेटाच नाही म्हणतात, त्याचे रन एफ२ खाली असतात.

आता कॅलेंडर, कारण इथे आम्ही स्वतः मार खाल्लाय. सुरुवातीच्या एका कामात दोन मॉडेलांचा रोजचा पाऊस तारखेप्रमाणे जोडून दिला आणि दोन दिवसांनी ग्राहकाचा फोन, ३१ तारखा सगळ्या रिकाम्या का? उघडून बघितलं तर एका मॉडेलचं वर्ष ३६० दिवसांचं, प्रत्येक महिना ३० दिवसांचा, त्यात ३० फेब्रुवारी अगदी व्यवस्थित बसलेला आणि ३१ जुलै मुळातच नाही. काम परत केलं, विनामोबदला. ब्रिटनच्या यूकेईएसएम१चं कॅलेंडर असं आहे, अमेरिकेच्या सीईएसएम२ मॉडेलमध्ये लीप वर्षच नसतं. तेव्हापासून प्रत्येक फाइलसोबत कॅलेंडर कुठलं ते पहिल्याच ओळीत लिहून देतो.

युनिटचंही तसंच. पाऊस मिलिमीटरमध्ये नसतो, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती किलो असा असतो. एक चौरस मीटरवर एक किलो पाणी म्हणजे एक मिलिमीटर, म्हणून ८६,४०० ने गुणलं की दिवसाचा पाऊस येतो, ०.०००१ दिसलं तर ते ८.६४ मिमी आहे, शून्य समजून सोडून देऊ नका. तापमान केल्विनमध्ये. रेखांश बहुतेक ठिकाणी ० ते ३६०, त्यामुळे शून्य रेखांशाच्या दोन्ही बाजूंचा भाग मागितला तर तुकडे वेगळे कापून जोडावे लागतात.

आणि कळकळीची विनंती, हिस्टॉरिकल रन (मागच्या काळाचा) तुमच्या हवामान स्टेशनच्या नोंदींशी दिवसाला दिवस लावून बघू नका. १८५० ते २०१४ चा हा रन खऱ्या ज्वालामुखींना, खऱ्या कार्बन डायऑक्साइडला धरून चालतो, पण त्यातला एल निनो त्याच्या स्वतःच्या वेळेला येतो, १९९८चा उन्हाळा तिथे वेगळाच असू शकतो. सरासरी, चढउतार, टोकाच्या घटना किती वेळा येतात हे ताडून बघा. खरे दिवसच हवे असतील तर ईआरए५ घ्या, तो खऱ्या निरीक्षणांना मॉडेलशी जुळवून तयार केलेला डेटा आहे, १९४० पासूनचा तासातासाचा आहे, तोही आम्ही कापून देतो.

पुढे डेटा कुणाला देणार असाल तर नुसती एक्सेल काढून पाठवू नका हो, नेटसीडीएफच ठेवा, म्हणजे आकड्यांसोबत त्यांची माहितीही ठेवणारी मूळ फाइल. त्यातल्या ट्रॅकिंग आयडी (त्या फाइलचा स्वतःचा ओळख क्रमांक), लायसन्स या ओळी पुसल्या की सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही आकडे आले कुठून, आणि मॉडेलवाल्यांनी चूक सापडून जुनं व्हर्जन मागे घेतलं तर तुमच्याकडचं कुठलं ते शोधायचं कसं? लायसन्स प्रत्येक मॉडेलचं बघावं लागतं, बरीचशी क्रिएटिव्ह कॉमन्सची आहेत, श्रेय देणं आलंच.

ऑर्डर देताना व्हेरिएबल, अक्षांश-रेखांशाच्या चार कडा, वर्षं, सिनारिओ आणि रोजचं की महिन्याचं एवढं कळवा. मॉडेल ठरलं नसेल तर प्रश्न काय आहे तो दोन ओळींत लिहा. फाइल आली की सोबतचा चेकसम (फाइल पूर्ण आणि न बिघडता आली का ते पडताळायचा कोड) जुळवून बघा, नाही जुळला तर आम्ही परत पाठवू.