पुरातून आलेली पिकअप आणि जाम गिअरबॉक्स

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा शिरोलीजवळ थेट महामार्गावर आली. दोन्ही वेळा कोल्हापुरात आणि नदीकाठच्या गावांत दारापुढच्या गाड्या पाण्यात राहिल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी इंजिन उघडलं, वायरिंग वाळवलं, सीटच्या गाद्या गच्चीवर टाकल्या. गिअरबॉक्सकडे फारसं कुणी बघितलं नाही. बिडाची नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची बंद पेटी, आत तेल. तिला काय होणार? मग महिना-दोन महिन्यांनी जुनी पिकअप ट्रॅक्टरमागे दोर बांधून कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गॅरेजांच्या वस्तीत, येते आणि मालक सांगतो, "मेस्त्री, गिअरच पडंना."

मुळात ही पेटी पूर्ण बंद नसतेच. गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापते, हवा प्रसरण पावते. तिला वाट दिली नाही तर ती ऑइल सील (तेल अडवणारी कडी) फोडून बाहेर येईल, म्हणून वरच्या बाजूला एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवेचं भोक, असतो. गरम पेटी अचानक गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि त्याच ब्रीदरमधून, जुन्या सीलच्या कडेने, पाणी आत ओढलं जातं. गाडी उभी असतानाच बुडली तर पाण्याचा दाब तेवढंच काम सावकाश करतो.

आत गेलेलं पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि तेल वर तरंगतं. अशा गाडीचा गिअरबॉक्स उघडला तर तळाकडचे दाते पुष्कळदा बऱ्या स्थितीत दिसतात आणि वरचे तांबडे झालेले असतात. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. तळाच्या साचलेल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लवकर संपतो. वरच्या पोकळीत मात्र दिवसा वाफ, रात्री दव, आणि ब्रीदरमधून रोज ताजी हवा.

खरं नुकसान होतं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. मेन शाफ्टवरचे, म्हणजे चाकांकडे गती नेणाऱ्या वरच्या दांड्यावरचे, गिअर शाफ्टला कायमचे जखडलेले नसतात. ते नीडल बेरिंगवर, म्हणजे सुईसारख्या बारीक रोलरांवर, मोकळे फिरतात आणि आपण गिअर टाकला की त्यांतला एक शाफ्टला जोडला जातो. या बेरिंगमधली फट, मेस्त्रींच्या भाषेत प्ले, मिलिमीटरच्या काही शंभराव्या भागांएवढी असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ही फट त्याहून कमी. इतक्या अरुंद फटीत द्रव केशाकर्षणाने धरून ठेवला जातो. एरवी हीच गोष्ट आपल्या फायद्याची, कारण तेल तिथे टिकतं. पण एकदा पाणी शिरलं की तेही तसंच टिकतं. ड्रेन प्लग काढून पेटी रिकामी केली तरी ते बाहेर येत नाही.

आता थोडं गणित. गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा लागते. आपण तीन पट धरू. दोन्ही समोरासमोरच्या पृष्ठभागांवर १० मायक्रॉनचा थर गंजला, तर प्रत्येकाच्या जागी ३० मायक्रॉन गंज तयार होतो, म्हणजे दोन्ही मिळून ४० मायक्रॉनची वाढ. फट समजा ३० मायक्रॉनची होती. गिअर शाफ्टवर बसला तो बसलाच. लोखंड जवळजवळ सगळं शाबूत आहे, मोकळी जागा तेवढी संपली.

त्यात गाडी ओढून आणली असेल तर आणखी एक नुकसान होतं, आणि ते पुरामुळे नव्हे. न्यूट्रलमध्ये मागची चाकं जमिनीवर ठेवून पिकअप ओढली की प्रॉपेलर शाफ्टमुळे (पेटीपासून मागच्या चाकांपर्यंतचा लांब दांडा) मेन शाफ्ट फिरतो. इंजिनाने फिरणारा खालचा काउंटर शाफ्ट मात्र, इंजिन बंद असल्याने, स्थिर. तळातलं तेल उडवून वरपर्यंत पोहोचवायचं काम त्याचंच. म्हणजे वरचा शाफ्ट कोरडा फिरतोय. धातूचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्म पातळीवर तो उंचसखल असतो आणि दोन पृष्ठभाग फक्त टोकांवर टेकतात. सगळा भार त्या टोकांवर, तिथे उष्णता, मधे तेल नाही, त्यामुळे टोकं एकमेकांना चक्क चिकटतात, वेल्डिंग झाल्यासारखी. मग एका पृष्ठभागाचा तुकडा उपटून दुसऱ्यावर बसतो. गंज डिझेलने थोडा तरी सुटतो, हे सुटत नाही. ओढायचीच असेल तर प्रॉपेलर शाफ्ट सोडवून ओढावी. चार बोल्टांचं काम, पण पूर ओसरल्यावरच्या घाईत ते राहून जातं.

पेटी उतरवण्याआधी ती खरंच जाम आहे का, हे बघितलं तर पुष्कळ पैसे वाचतात. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर पडत नाहीत, तर दोष बहुधा क्लचचा. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, चिकटली आहे आणि पेडल दाबूनही सुटत नाही. गाडीच हलत नसेल तर ब्रेक शू ड्रमला धरले असण्याची शक्यता आहे. प्रॉपेलर शाफ्ट काढून, न्यूट्रलमध्ये, पेटीचा मागचा फ्लँज (प्रॉपेलर शाफ्ट जोडायची चकती) हाताने फिरवून बघायचा. फिरला तर जाम दुसरीकडे आहे.

एक प्रकार तर असा की त्यात गंजही नसतो आणि चिकटलेला धातूही नसतो. झिजलेल्या जुन्या पेटीत कधी कधी दोन गिअर एकदम पडतात. एक गिअर सांगतो की इंजिनाचे चार फेरे झाले की शाफ्टचा एक व्हावा, दुसरा सांगतो दीड फेऱ्याला एक. दोन्ही अटी एकाच वेळी पाळणारा वेग एकच आहे, शून्य. पेटी दगडासारखी घट्ट होते आणि आतला एकही भाग बिघडलेला नसतो. असं होऊ नये म्हणून सिलेक्टर रॉडांच्या, म्हणजे गिअर निवडणाऱ्या दांड्यांच्या, मधे इंटरलॉकची पिन असते. एक रॉड सरकला की ती बाकीच्यांना अडवते. पिन किंवा तिची खाच झिजली की ही गंमत घडते. वरून झाकण असलेल्या जुन्या पेटीत झाकण काढून एक स्लीव्ह (गिअर शाफ्टला जोडणारी सरकती कडी) न्यूट्रलला सरकवली की झालं, फक्त पिन नवी टाकायला विसरायचं नाही. अशा पेटीवर घण चालवणाऱ्यांना काय म्हणावं!

खरोखर गंजलेली पेटी उघडायची तर सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे वेळ. डिझेलमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवा, मग पुलर, म्हणजे भाग ओढून काढायचं हत्यार, लावा. पण गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असतं, म्हणून गॅसची ज्योत निघते. गिअरचं पोलाद आतून चिवट आणि बाहेरून कठीण असतं. कमी कार्बनचं पोलाद सुमारे ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वायूत तासन्‌तास ठेवतात, कार्बन मिलिमीटरभर आत मुरतो, मग ते झटकन थंड करतात आणि शेवटी १५० ते २०० अंशांना परत हलकंसं तापवतात. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याच्या वर तापमान गेलं की कठीणपणा उतरायला लागतो. पोलादावर निळा रंग दिसला म्हणजे ते ३०० अंशांच्या आसपास पोहोचलं होतं. निळा पडलेला शाफ्ट दिसायला छान दिसतो, पण त्याचं आयुष्य त्या ज्योतीत गेलेलं असतं.

धुऊन सगळं मांडल्यावर निवड करावी लागते. दातांवरचा तांबूस डाग पुसून जात असेल तर गिअर वापरता येतो. नखाला लागणारा खड्डा असेल तर नाही, कारण भार आला की ताण त्या खड्ड्याच्या काठाशी एकवटतो आणि तिथून कपचे उडायला लागतात. बेरिंगांबाबत मी तर म्हणेन, वाद घालूच नये. पुरातून आलेल्या पेटीची सगळी बेरिंगं बदलावीत.

मग उरतात सिंक्रोच्या, म्हणजे गिअर टाकताना गती जुळवणाऱ्या, पितळी रिंगा, आणि माझ्या मते अख्ख्या पेटीतली सर्वांत सुंदर यंत्रणा हीच. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ती गाड्यांत आणली. त्याआधी वेगवेगळ्या गतीने फिरणारे दात जुळवायचे म्हणजे ड्रायव्हरचं कसब. आता गिअर टाकताना आधी पितळी रिंग गिअरच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणाने दोघांची गती एक होते आणि तोवर रिंगेचे दात स्लीव्हला अडवून धरतात. गती जुळली की वाट मोकळी. शंकूचा कोन साधारण ७ अंशांचा असतो. कोन जितका लहान तितकी पकड जास्त. ७ अंशांना हाताचा जोर आठपटीने वाढून पृष्ठभागावर पडतो. मग कोन ४ अंश का ठेवत नाहीत? स्टीलचे पेले एकात एक घातले की अडकतात, तसंच इथे होईल. तेलातल्या पितळ-पोलादाचा घर्षण गुणांक सुमारे ०.१ धरला, तर साधारण ५.७ अंशांच्या खाली शंकू आपण होऊन सुटतच नाही. म्हणजे जाम होण्याच्या हद्दीपासून जेमतेम अंश-दीड अंशावर प्रत्येक गिअर रोज पडतो.

रिंगेच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात. त्यांचं काम तेलाचा थर कापून बाजूला सारणं. ते झिजले की रिंग तेलावर घसरते आणि गिअर टाकताना करकर ऐकू येते. रिंग शंकूवर दाबून रिंग आणि गिअर यांच्या दातांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची. ती गाडीच्या पुस्तकातल्या मर्यादेखाली गेली असेल तर रिंग बदलायची, चकाकी कितीही असो.

नवं बेरिंग शाफ्टवर ठोकून बसवण्यापेक्षा तापवून बसवणं शहाणपणाचं. ४० मिलिमीटर भोकाचं बेरिंग ३० वरून ११० अंशांपर्यंत तेलात तापवलं तर भोक सुमारे ३८ मायक्रॉनने मोठं होतं. तेवढ्यात ते हाताने सरकतं आणि गार झालं की घट्ट धरतं. हातोडीने बाहेरच्या रिंगेवर ठोकलं तर तो मार गोळ्यांमधून जातो, आतल्या पट्टीवर ठसे उमटतात आणि नवं बेरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं.

तेलाबद्दल दुकानदार हमखास सांगतो, "जीएल-५ घ्या, भारी आहे." जीएल-४, जीएल-५ या गिअर तेलाच्या प्रती. पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-४च घ्यावं. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची संयुगं जास्त असतात. ती डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीच्या) दातांसाठी उत्तम, पण काही तेलांत पितळाला खातात. शिवाय सिंक्रोला थोडं घर्षण हवंच असतं. आणि पाणी मिसळून दुधाळ झालेलं तेल गाळून परत भरणं म्हणजे हद्दच. दात एकमेकांना टेकतात तिथे दाब वातावरणाच्या दहा हजार पटींपर्यंत जातो. त्या दाबाखाली तेल इतकं दाट होतं की मायक्रॉनहून पातळ थरही दातांना वेगळं ठेवतो. पाणी दाबाने असं दाट होत नाही. ते मिसळलेलं असलं की तो थर तुटतो.

जुळवणी झाल्यावर रिव्हर्सला गाडी पूर्वीसारखीच हूं करून ओरडते, त्याची काळजी नको. बहुतेक जुन्या पेट्यांत रिव्हर्सचे दात सरळ कापलेले असतात आणि ते एकदम टेकतात. बाकीचे तिरपे असल्याने हळूहळू. पाचशे किलोमीटरनंतर तेल एकदा काढून बघावं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी मऊ लव असेल तर ठीक, टोचणारे कपचे असतील तर पेटी परत खाली घ्यावी लागेल. पितळ चुंबकाला लागत नाही, म्हणून तेल पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात धरायचं. पिवळी चमक दिसली तर रिंग झिजतेय, आणि बहुतेक वेळा ती दोन नंबरच्या गिअरची असते.