दोन माइक, एक गिटार आणि ३४ सेंटिमीटर

लातूर, नांदेड, परभणीत घरच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करणारी पोरं आता कमी नाहीत. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारी पेटी, घरात आला की गिटारसमोर दोन माइक उभे राहतात. आवाज भरदार होईल ही अपेक्षा असते. पुष्कळदा तो पातळ आणि पोकळ होतो, आणि दोष स्वस्त माइकला दिला जातो. खरं कारण अंतरात असतं.

गिटारचा आवाज एका जागेतून निघत नाही. साउंड होलमधली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणून माइक थेट भोकासमोर धरला की नुसता खर्ज घुमत राहतो. बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) तारांचा आणि नखांचा स्पष्टपणा मिळतो, तारा जिथे गिटारच्या पोटावर अडकवलेल्या असतात त्या ब्रिजच्या मागे लाकडाचा भरीवपणा. दोन्ही हवेसे वाटणं साहजिक आहे.

समजा, एक माइक गिटारपासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि दुसरा ६४ वर. फरक ३४ सेंटिमीटरचा. डिसेंबरच्या रात्री १५ अंश तापमानात ध्वनी सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे दुसऱ्या माइकला आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. ५०० हर्ट्झच्या लहरीचं अर्धं आवर्तन नेमकं तेवढ्याच वेळात होतं. पहिल्या माइकवर हवेचा दाब वाढलेला असताना दुसऱ्यावर तो घटलेला असतो. दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर एकत्र केले की ही कंप्रता जवळजवळ नाहीशी होते, तिथे आवाजात खड्डा पडतो. तशीच गत १५०० आणि २५०० हर्ट्झची. पहिल्या तारेच्या सातव्या फ्रेटवरचा सूर ४९४ हर्ट्झचा, म्हणजे तो या खड्ड्याच्या काठावरच बसतो.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती उन्हाळ्याची. मे महिन्यात खोलीत ४२ अंश असतील तर ध्वनीचा वेग ३५६ मीटर होतो. माइक तसूभरही न हलवता खड्डा ५२३ हर्ट्झवर सरकतो, आणि तो आठव्या फ्रेटचा सूर आहे!

घरासाठी माझं मत स्पष्ट आहे: दोन सारखे कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारे, माइक घ्यावेत, त्यांची तोंडं एकावर एक आणावीत आणि ९० अंशांचा कोन करावा. याला एक्स-वाय म्हणतात. आवाज दोघांना एकाच वेळी पोचतो. डावं-उजवं ठरतं ते फक्त कमी-जास्त पातळीवरून. एकाच जागी दोन माइक ठेवून स्टिरिओ मिळवण्याची कल्पना ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ च्या पेटंट अर्जात मांडली होती.

पत्र्याच्या खोलीत परावर्तन फार असतं. भिंतीवर जाड वाकळ टांगली तर वरच्या पट्टीतली झिणझिण कमी होते. खर्ज मात्र तिला दाद देत नाही. कूलर आणि पंखा बंदच हवेत.

माइक लांब-लांब ठेवायचेच असतील तर सुतळीने दोन्ही अंतरं मोजा आणि रेकॉर्डिंग मोनो करून, म्हणजे दोन्ही ट्रॅक एकत्र मिसळून, ऐका, कारण ऐकणारे पुष्कळ जण मोबाइलच्या एका स्पीकरवर ऐकणार आहेत. आवाज पातळ झाला तर एका ट्रॅकची लहर उलटी करणारं पोलॅरिटीचं बटण दाबून सुटका होत नाही. ५०० चा खड्डा भरतो, पण १००० वर नवा पडतो आणि खालचा खर्ज जातो. माइकच हलवावा लागतो.