प्राचीन ग्रीकांना निळा रंग दिसत नव्हता? ‘ओइनोप्स’चा खुलासा

प्राचीन ग्रीक महाकवी होमरने समुद्राला ‘ओइनोप्स’, म्हणजे मद्यासारखा दिसणारा, म्हटले. म्हणून प्राचीन ग्रीकांना निळा रंग दिसतच नव्हता, असा मजकूर अधूनमधून फिरत असतो. ते खरे नाही.

या समजुतीचे मूळ ग्लॅडस्टन यांच्या १८५८ सालच्या होमरवरील ग्रंथात आहे. पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या या विद्वानाने होमरमधली रंगवाचक विशेषणे बारकाईने तपासली आणि त्या काळी माणसाची रंगदृष्टी पुरती विकसित झाली नव्हती, असे अनुमान काढले. मेहनत अस्सल होती, अनुमान चुकले.

शब्द फोडून पाहा. ‘ओइनोस’ म्हणजे द्राक्षाचे मद्य, ‘ओप्स’ म्हणजे चेहरा, रूप. होमर हेच विशेषण बैलांनाही लावतो, आणि बैल काही निळे नसतात! मला सर्वांत आवडणारा पुरावा होमरच्याही कित्येक शतके आधीचा आहे. क्रीट या ग्रीक बेटावरच्या नोसॉस या प्राचीन स्थळी सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर बैलांची नावे कोरलेली आहेत. त्यांतले एक नाव म्हणजे याच शब्दाचे जुने रूप. आपल्या ढवळ्या-पवळ्यासारखे, रंगावरून पडलेले. तेव्हा इथे गडद, तांबूस-काळसर झाक अभिप्रेत असावी. भर उन्हातला समुद्र नव्हे, काळवंडलेले पाणी डोळ्यांसमोर आणा.

आणि निळा? नोसॉसच्याच भित्तिचित्रांत तो भरभरून आहे. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात राजा अल्किनोसच्या वाड्याला ‘क्युआनोस’ची, म्हणजे गडद निळ्या पदार्थाची, पट्टी आहे, आणि ग्रीसमधल्या तिरिन्स या प्राचीन स्थळाच्या उत्खननात निळी काच जडवलेली तशी पट्टी प्रत्यक्ष सापडलीही.