ऑफिसच्या संगणकावर स्क्रीन रीडर हवा आहे? यूडीआयडीपासून अर्जापर्यंत, मुंबईतल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी

मागच्या पावसाळ्यात ऑफिसात एक परिपत्रक आलं. मी फाइल उघडली, हेडफोन लावला आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचू लागला : "कंस, कॅपिटल एम, टक्के, स्वल्पविराम, कंस..." शेजारच्या टेबलावरच्या ताईंना तेच पान स्वच्छ मराठीत दिसत होतं. परिपत्रक युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षर-पद्धतीत, टाइप केलेलं नव्हतं, जुन्या फॉन्टमध्ये होतं. त्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसतो "म", पण संगणकाच्या लेखी ते एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच असतं. स्क्रीन रीडर चित्र पाहत नाही, आत साठवलेलं अक्षर वाचतो. म्हणून मला ऐकू आला तो निव्वळ गोंधळ.

माझी नजर फार कमी आहे, बहुतेक काम मी ऐकून करते. शनिवारी काही जणांना अर्ज लिहायला मदत करते. त्यांच्याकडे पाहून एक गोष्ट पक्की कळली आहे : लागणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा फुकट असतं, कायदाही बाजूने असतो, नसतो तो फक्त कागद. साहेबांना तोंडी सांगून झालेलं असतं, "बघू" असं उत्तर मिळालेलं असतं आणि त्यात दोन-दोन वर्षं निघून जातात. आवक क्रमांक पडलेला अर्ज हातात असला, तर ऑफिसला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

कोणाला मागता येतं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे. अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष, अस्थिव्यंग हे सगळ्यांना माहीत असतं, पण सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, पार्किन्सन्स हेही त्यात आहेत.

इथे एक गैरसमज सतत भेटतो. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, हे खरं. पण कामाच्या जागी वाजवी सोय, म्हणजे काम करता यावं म्हणून लागणारं साधन किंवा बदल, मागायला ४० टक्क्यांची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात हे स्पष्ट केलं. लिहिताना हात आखडण्याचा त्रास असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, आणि ४० टक्क्यांचा निकष अशा सोयींना लावता येणार नाही असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा प्रमाणपत्रावर ३० टक्के असले म्हणून गप्प बसू नका.

नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं असेल, मधुमेहाने नजर गेली किंवा अपघातात हात गेला, तर सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला कलम २०(४) चं संरक्षण आहे. त्या कारणासाठी कामावरून काढता येत नाही किंवा पद खाली आणता येत नाही. आधीचं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं असतं. अशा माणसांना घरचेच सांगतात, "आता राजीनामा दे." कृपा करून आधी हे कलम वाचा.

आधी यूडीआयडी

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं केंद्र सरकारी ओळखपत्र. त्याचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. लागतं ते असं : आधार, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो आणि सही किंवा अंगठ्याचा ठसा. दिव्यांगत्वाचं जुनं हस्तलिखित प्रमाणपत्र असेल तर तेही स्कॅन करून ठेवा, पोर्टलवर त्याची माहिती भरावी लागते. रुग्णालयात दिव्यांगत्वाच्या तपासणीला जाताना जुने वैद्यकीय कागद सोबत घ्या : डोळ्यांचे रिपोर्ट, ऑडिओग्राम, शस्त्रक्रियेची कागदपत्रं, डिस्चार्ज कार्ड.

मुंबईकरांची गाडी अडते ती जिल्ह्यापाशी. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. माहीम आणि सायनपर्यंत शहर, वांद्रे आणि कुर्ल्यापासून पुढे उपनगर. आधारवर जो पत्ता आहे त्याचाच जिल्हा निवडा. रुग्णालय राहत्या जिल्ह्यातलं चालतं, किंवा जिथे तुमचे उपचार सुरू आहेत वा पूर्वी झाले आहेत ते सरकारी रुग्णालयही चालतं. जे. जे., केईएम, सायन, नायर, कूपर ही ओळखीची नावं, पण पोर्टलवर त्या दिवशी जी यादी उघडते तीच खरी. आपल्या त्रासाचा तज्ज्ञ तिथे कोणत्या वारी असतो, हे ओपीडीत आधी विचारून घ्या. विरार किंवा कल्याणहून निघून, दिव्यांगांच्या डब्यातसुद्धा उभं राहून यायचं आणि "डॉक्टर गुरुवारी असतात" हे ऐकून परतायचं, हे फार जिव्हारी लागतं.

नावातला फरक हे दुसरं दुखणं. आधारवर एक स्पेलिंग, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरं, नेमणुकीच्या आदेशात तिसरं. यूडीआयडी काढण्याआधीच आधार दुरुस्त करा, नंतर ते निस्तरताना जास्त फेऱ्या होतात.

अर्ज भरल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिने आहे, आणि कार्डाचा रंग टक्केवारीप्रमाणे ठरतो : ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० टक्क्यांच्या आत पिवळं, ८० आणि त्यावर निळं. तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर कलम ५९ खाली अपील करता येतं.

आता मुख्य गोष्ट : अर्ज कसा लिहायचा

माझ्याकडे येणारे बहुतेक अर्ज "मी एक गरीब अपंग असून आपण माझ्यावर कृपा करावी" असे सुरू होतात. वाचून पोटात कालवतं. आपण कृपा मागत नाही, काम नीट करता यावं म्हणून साधन मागतो. कारकुनाला पंखा आणि टेबल मिळतं, त्याच रांगेत आपला स्क्रीन रीडर बसतो.

अर्जात तीन गोष्टी जवळजवळ ठेवा : माझ्याकडे कोणतं काम आहे, त्यात नेमकं कुठे अडतं, आणि कशाने सुटेल. "मला दिसत नाही" या वाक्यावर वरिष्ठांना काय करायचं ते कळत नाही. "आवक नोंदवहीतल्या नोंदी मी संगणकावर घेते, पण स्कॅन केलेली पत्रं स्क्रीन रीडरला वाचता येत नाहीत" या वाक्यावर लगेच कळतं. एका मुलाचा अर्ज आम्ही असा बसवला होता :

"विषय : संगणकावर स्क्रीन रीडर व आनुषंगिक सोय मिळणेबाबत.
संदर्भ : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम २०.
महोदया, मी टपाल शाखेत लिपिक पदावर काम करतो. मला अल्पदृष्टी आहे, यूडीआयडीची प्रत सोबत जोडली आहे. माझ्याकडे आवक नोंदी, स्मरणपत्रं आणि मासिक विवरणपत्र ही कामं आहेत. त्यासाठी पुढील सोयी मिळाव्यात : १) माझ्या संगणकावर एनव्हीडीए हे विनाशुल्क स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर बसवण्याची परवानगी, २) एक हेडफोन, ३) शाखेतली पत्रं युनिकोड वर्ड फाइलमध्ये मिळणं. या सोयी मिळाल्यास वरील तिन्ही कामं मला स्वतंत्रपणे करता येतील. कृपया लेखी निर्णय कळवावा."

एवढंच. एका पानाच्या आत. सोबत यूडीआयडीची प्रत, प्रमाणपत्र, नेमणुकीच्या आदेशाची प्रत. विकत घ्यायची वस्तू असेल, म्हणजे जॉज (विकतचा स्क्रीन रीडर) किंवा ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर बोटांनी वाचायचं यंत्र), तर दरपत्रक जोडा, नाहीतर लेखा शाखा तेवढ्याच कारणावर नस्ती (फाइल) परत पाठवते. मूळ प्रत आस्थापना शाखेला, एक प्रत दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी नेमलेल्या संपर्क अधिकाऱ्याला, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

केंद्र सरकारच्या ऑफिसात असाल तर संदर्भात आणखी एक ओळ घाला : कार्मिक व प्रशिक्षण विभागाचं ३१ मार्च २०१४ चं कार्यालयीन ज्ञापन. आधीपासून नोकरीत असलेल्या दिव्यांगांना सहायक साधनं, सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षण देण्याबद्दल ते आहे.

खासगी कंपनीत हाच अर्ज एचआरकडे मेलने जातो. आधी कंपनीचं समान संधी धोरण मागवा. ते प्रसिद्ध करणं कलम २१ खाली प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे, आणि २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांसाठीच्या सोयी आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यांचा उल्लेख हवा.

नेमकं काय मागायचं

एनव्हीडीए विंडोजवर चालतं, मोफत आहे आणि त्यात मराठी बोलणारा आवाज आहे. आवाज यांत्रिक वाटतो, पण पंधरा दिवसांत कान सरावतो. आयटीवाले म्हणतात, "बाहेरचं सॉफ्टवेअर चालणार नाही." म्हणूनच अर्जात "बसवण्याची परवानगी" हे शब्द हवेत. परवानगी मिळेपर्यंत विंडोजमधला नॅरेटर वापरा, विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की सुरू होतो. थोडं दिसत असेल तर विंडोज आणि अधिक चिन्ह, भिंग उघडतं. एका हाताने टाइप करणाऱ्यांनी शिफ्ट पाच वेळा दाबून स्टिकी कीज चालू करावं, म्हणजे दोन-तीन बटणं एकदम दाबावी लागत नाहीत. हात मुळीच चालत नसेल तर गूगल डॉक्स मराठी बोललेलं टाइप करतं, विरामचिन्हं मात्र मागाहून तपासावी लागतात.

स्कॅन केलेली मराठी पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडली की मजकूर बऱ्यापैकी निघतो. पण गोपनीय नस्ती तिथे चढवू नका. त्यासाठी मूळ वर्ड फाइलच मागा.

स्वतःचा फोन किंवा लॅपटॉप परवडत नसेल त्यांच्यासाठी केंद्राची एडिप ही सहायक साधनं देणारी योजना आहे. तिथे मात्र ४० टक्क्यांची अट आहे, उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तेच साधन गेल्या तीन वर्षांत घेतलेलं नसावं.

ऐकून लिहिताना

आमच्यासारख्यांचं शुद्धलेखन ढिलं पडतं, याचं कारण आळस नव्हे. "दिन" आणि "दीन" कानाला सारखेच येतात. राष्ट्रीय दिनाच्या पत्रात "दीन" गेलं तर मला ऐकताना कळत नाही, वाचणाऱ्याला मात्र खुपतं. म्हणून विषयाची ओळ, नावं आणि हुद्दे मी बाणाच्या कळीने एकेक अक्षर करून ऐकते. तेव्हा वेलांटी पहिली की दुसरी ते समजतं. मोठ्या पत्रात शीर्षकं ठळक करून सोडू नका, वर्डमधली हेडिंग शैली लावा (कंट्रोल, आल्ट आणि १). मग स्क्रीन रीडरवाला एका कळीने मथळ्यावरून मथळ्यावर जातो.

कर्णबधिर सहकाऱ्यांची अडचण निराळी आहे. ज्यांची पहिली भाषा खुणांची, त्यांच्या मराठीत "ला", "ने", "चा" गळतात, कारण खुणांच्या भाषेची रचनाच वेगळी आहे. "साहेब फाइल दिली" असं लिहिलेलं असतं; साहेबांनी दिली की साहेबांना दिली? त्यांनी अर्जात नमुना पत्रांचा संच मागावा, आणि बैठकीचा विषय व इतिवृत्त लेखी मागावं. ही सोयही कायद्यातच बसते. वरिष्ठांनी भाषेवरून बुद्धी मोजू नये, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते.

शिकायचं असेल तर वरळीला नॅब ही दृष्टिहीनांसाठीची संस्था आहे, धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेजात दृष्टिहीनांसाठीचं संसाधन केंद्र आहे, वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. नोकरी शोधणाऱ्यांनी सायनच्या बाजूच्या राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रात नाव नोंदवावं, तिथे दिव्यांगांचं व्यावसायिक मूल्यमापन होतं.

उत्तर आलं नाही तर

महिनाभर थांबून स्मरणपत्र द्या, त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख घाला. सरकारी ऑफिस असेल तर कलम २३ खालच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत त्यांनी चौकशी करायची असते. तिथे समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे. माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज करून "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावरील टिपणीची प्रत द्यावी" असं मागितलं की नस्ती कोणत्या टेबलावर झोपली आहे ते ३० दिवसांत कळतं. त्यापुढे राज्याचे दिव्यांग आयुक्त, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. तक्रार टपालाने पाठवता येते, सोबत पोचपावत्यांच्या प्रती लावा. केंद्राच्या ऑफिसातल्यांनी दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे जावं.

वर ज्याचा अर्ज दिला त्या मुलाला सॉफ्टवेअर तिसऱ्या आठवड्यात मिळालं, हेडफोन त्यानंतर महिन्याने. युनिकोड फाइलची मागणी अजून पूर्ण झालेली नाही, परवा त्याने दुसरं स्मरणपत्र दिलं. शाखेतल्या ज्या ताई जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात त्यांच्याशेजारी बसून त्यांना युनिकोडमध्ये टाइप करण्याचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवायचं त्याने ठरवलं आहे, रोज जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं.