नदालचा चेंडू खाली का बुडतो आणि वर का उसळतो

फ्रेंच ओपन आली की दरवर्षी राफेल नदालच्या जुन्या क्लिप्स फिरायला लागतात आणि खाली हमखास कुणीतरी लिहितंच, "काय मनगट आहे याचं!" कौतुक मनापासूनचं असतं, पण टॉपस्पिन, म्हणजे चेंडूची वरची बाजू पुढे फिरवणारी फिरकी, मनगटातून येतो ही समजूत चुकीची आहे, आणि ती इतकी पसरलीय की टेनिस शिकणारी पोरंसुद्धा चेंडूवरून मनगट गुंडाळायला जातात आणि हात दुखवून घेतात. टेनिसचा चेंडू रॅकेटच्या तारांवर असतो किती वेळ, तर जेमतेम ४ ते ५ मिलिसेकंद. म्हणजे एका सेकंदाचा दोनशेवा भाग. तेवढ्यात रॅकेट वीतभरसुद्धा सरकत नाही, मग चेंडूवरून मनगट गुंडाळणार कधी? नदाल फोरहँड (तळहात पुढे ठेवून मारलेला फटका) मारल्यावर हात डोक्यावरून गरकन फिरवून मागे नेतो ना, ते होईपर्यंत चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. स्पिन येतो तो रॅकेट खालून वर किती वेगाने आणि किती तिरकी येतेय त्यावर, आणि हात डोक्यावर जातो तो त्या वर जाणाऱ्या वेगाला कुठेतरी संपायचं असतं म्हणून.

माणसाची ओळख थोडक्यात. स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या मानाकोर गावात १९८६ साली जन्म, टोनीकाकाच पहिला कोच, लिहायला उजवा पण टेनिसला डावखुरा. २२ ग्रँड स्लॅम, त्यातल्या १४ एकट्या रोलाँ गॅरोसच्या, म्हणजे फ्रेंच ओपनच्या लाल मातीवर, तिथे खेळलेल्या ११६ मॅचपैकी फक्त ४ हरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मलागाला डेव्हिस कप खेळून थांबला. बाकीचे रेकॉर्ड कुठेही सापडतील, मला बोलायचंय ते त्याच्या चेंडूबद्दल.

जॉन यँडेल नावाच्या अमेरिकन टेनिस अभ्यासकाने हायस्पीड कॅमेऱ्याने खेळाडूंच्या फोरहँडचे फेरे मोजले होते. सॅम्प्रस-अगासीच्या पिढीचा चेंडू मिनिटाला साधारण १८००-१९०० फेरे घ्यायचा, फेडररचा २७०० च्या आसपास, आणि नदालचा सरासरी ३२००, एखादा फटका तर ४९०० पर्यंत गेलेला. ३२०० म्हणजे सेकंदाला ५३ फेरे. चेंडू या बेसलाइनवरून (कोर्टच्या टोकाच्या रेषेवरून) त्या बेसलाइनपर्यंत साधारण सेकंदभरात जातो असं धरलं तर वाटेत तो पन्नासेक वेळा स्वतःभोवती फिरतो!

आणि यात एक गोष्ट आहे जी फारसं कुणी सांगत नाही. समोरून आलेला चेंडू टप्पा पडल्यावर आधीच फिरत असतो, जमिनीच्या घर्षणाने त्याला पुढच्या दिशेने फिरकी मिळालेली असते. तो स्लाइसने, म्हणजे खालून कापत मारून, परत केला तर चेंडू त्याच दिशेने फिरत राहतो, फक्त आता उलट बाजूला चाललेला असतो. पण टॉपस्पिन मारायचा तर आलेली फिरकी आधी थांबवायची आणि मग तिच्या उलट्या दिशेने नवी द्यायची, आणि हे सगळं त्या ४-५ मिलिसेकंदांत. म्हणून टॉपस्पिनला रॅकेटचा एवढा वेग लागतो.

इथे तारा कामाला येतात. पूर्वी रॅकेटला आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारा असायच्या. जुन्या मॅच बघा, खेळाडू दर पॉइंटनंतर बोटांनी तारा सरळ करताना दिसतात, कारण चेंडूने उभ्या तारा बाजूला ढकलल्या की त्या आडव्या तारांवर अडकून तशाच वाकड्या राहायच्या. पॉलिएस्टरची तार गुळगुळीत आणि कडक, ती बाजूला सरकते, ताणली जाते आणि चेंडू अजून तिच्यावर असतानाच झटकन जागेवर परत येते. परत येताना चेंडूला जादा फिरकी देऊन जाते. स्लो मोशनमध्ये हे बघण्यासारखं आहे, चार-पाच उभ्या तारा एकदम एका बाजूला वाकतात आणि सुटतात. १९९७ ला ब्राझीलच्या कुएर्तेनने पॉलिएस्टर तारांवर फ्रेंच ओपन जिंकली तेव्हापासून सगळे तिकडे वळले. हाच परिणाम त्याच्याही आधी १९७७ मध्ये दिसला होता, स्पॅगेटी स्ट्रिंग म्हणून विचित्र दुहेरी गटिंग (तारांची जाळी) निघालं होतं, ते वापरून रुमानियाच्या नास्तासेने अर्जेंटिनाच्या विलासची मातीवरची लांबलचक विजयी मालिका तोडली आणि मग आंतरराष्ट्रीय फेडरेशनने ते गटिंग बंद केलं. मात्र "अमुक तार लावा, नदालसारखा स्पिन मिळवा" असल्या जाहिरातींवर पैसे घालवू नका, रॅकेटच वर जात नसेल तर तार परत येऊन काय करणार.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, मॅग्नस परिणाम. नाव जर्मन शास्त्रज्ञ मॅग्नसचं असलं तरी टेनिसचा चेंडू तिरक्या रॅकेटने मारला की वळतो हे न्यूटनने १६७२ मध्येच लिहून ठेवलंय, आणि १८७७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी टेनिस चेंडूच्या वेड्यावाकड्या उड्डाणावर अख्खा निबंध लिहिला. शाळेत याचं उत्तर "एका बाजूला हवेचा वेग जास्त, म्हणून दाब कमी" असं एका ओळीत देतात, ते अगदी चूक नाही पण तो वेग जास्त का होतो हे त्यात कळत नाही. खरी गंमत चेंडूच्या मागे आहे. पुढे जाणाऱ्या चेंडूला चिकटून हवेचा पातळ थर वाहतो आणि मागच्या बाजूला कुठेतरी सुटतो. टॉपस्पिनमध्ये चेंडूची वरची बाजू पुढे फिरते, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेच्या विरुद्ध, त्यामुळे वरचा थर लवकर सुटतो. खालची बाजू हवेच्याच दिशेने फिरते, तिथला थर जास्त वेळ चिकटून राहतो आणि चेंडूला वळसा घालून मागून वर जातो. म्हणजे चेंडूने हवा वर फेकली, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवेने चेंडू खाली ढकलला, वल्ह्याने पाणी मागे लोटलं की होडी पुढे जाते तसं.

किती ढकलला? थोडं गणित करतो. चेंडूची त्रिज्या ३.३ सेंटिमीटर, मिनिटाला ३२०० फेरे, म्हणजे त्याचा पृष्ठभाग सेकंदाला ११ मीटर वेगाने फिरतोय. चेंडू चाललाय ताशी १२० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. या दोन्हींचं गुणोत्तर एक-तृतीयांश, त्यावरून बलाचा गुणांक येतो साधारण ०.२, आणि हवेची घनता, चेंडूचं क्षेत्रफळ, वेगाचा वर्ग असं सगळं गुणून बल येतं ०.४५ न्यूटनच्या आसपास. ५७ ग्रॅमच्या चेंडूचं वजन आहे ०.५६ न्यूटन. म्हणजे वजनाच्या ८० टक्के जादा ओढ! नदालचा चेंडू रॅकेटवरून सुटल्यावर पावणेदोन पटीहून जास्त गुरुत्वाकर्षण असलेल्या ग्रहावर उडत असतो. पुढे वेग कमी होईल तशी ही ओढ कमी होते हे खरं, पण तोवर काम झालेलं असतं. नेट मध्यभागी ९१ सेंटिमीटर आहे, त्याच्यावरून चांगला मीटर-दीड मीटर उंच मारूनही चेंडू बेसलाइनच्या आत बुडतो. सपाट मारणाऱ्याने त्याच जोरात एवढा उंच मारला तर तो थेट मागच्या भिंतीवर जाईल.

टप्प्याचंही बघू. "टॉपस्पिनचा चेंडू टप्पा पडून वेग घेतो" असं कॉमेंट्रीतही ऐकू येतं. वरचेच आकडे घ्या, पृष्ठभागाचा वेग ११, आणि जमिनीवर येईपर्यंत हवेने अडवूनही चेंडू पुढे जातोय २० च्या आसपास. म्हणजे जमिनीला टेकलेला भाग अजूनही पुढेच घसरतोय, घर्षण मागेच ओढणार, चेंडू मंदच होणार. फक्त स्पिन नसलेल्या चेंडूपेक्षा कमी मंद होतो, म्हणून आपल्याला तो वेग घेतल्यासारखा भासतो. खरंच वेग घेणारा फटका म्हणजे टॉपस्पिन लॉब (समोरच्याच्या डोक्यावरून उंच मारलेला चेंडू), कारण तो जवळजवळ उभाच खाली येतो आणि त्याचा पुढचा वेग ११ पेक्षाही कमी असू शकतो.

उसळी मात्र खरी. २.५ मीटरवरून नुसता पडणारा चेंडू सेकंदाला ७ मीटर वेगाने जमिनीवर येतो, तीच ओढ १.८ पट असेल तर हवेचा अडथळा सोडून ९ च्या वर. जास्त जोरात खाली, म्हणून जास्त जोरात वर. त्यात रोलाँ गॅरोसला चुनखडीच्या भुग्यावर विटांच्या लाल पुडीचा एक-दोन मिलिमीटरचा थर असतो, त्या सुट्या कणांनी घर्षण वाढतं, पुढचा वेग जास्त कापला जातो आणि चेंडू पुढे जायच्या ऐवजी वर चढतो. डावखुऱ्या नदालचा क्रॉसकोर्ट, म्हणजे कोर्टच्या तिरक्या कोपऱ्यात जाणारा, फोरहँड उजव्या खेळाडूच्या बॅकहँडला (उलट्या हाताच्या बाजूला) येतो, तो आला फेडररच्या एकहाती बॅकहँडच्या खांद्यापाशी, आणि मातीवर दोघांचा हिशोब १४-२ झाला. फेडररने नंतर ९७ चौरस इंचाची मोठी रॅकेट घेतली आणि २०१७ च्या ऑस्ट्रेलियन फायनलमध्ये चेंडू वर चढायच्या आतच बॅकहँडने मारला, तिथे तो जिंकला. २००९ ला फ्रेंच ओपनमध्ये नदालला हरवताना स्वीडनच्या सॉडर्लिंगने वेगळा मार्ग काढला. तो ६ फूट ४ इंचांचा, दोन हाती बॅकहँडवाला, खांद्याएवढा चेंडू त्याला सोयीचाच.

मधेच एक सांगायचंय. पाण्याच्या बाटल्या ओळीत लावणं, रेषेवर पाय न देणं या नदालच्या सवयींवरून आपल्याकडे "बघा, एवढा मोठा खेळाडूसुद्धा टोटके मानतो" असं लोक बिनधास्त लिहितात. तो स्वतः सांगतो की डोकं एका जागी ठेवण्यासाठीची ती शिस्त आहे. बाटलीचं लेबल कुठल्याही दिशेला असलं तरी चेंडूचे फेरे तेवढेच राहतात, आणि पोरांना अंगठी-ताईत घालून कोर्टवर पाठवण्याआधी पालकांनी एवढं लक्षात घ्यावं.

सगळी मदार उसळीवर असती तर २०२० ची फ्रेंच ओपन नदाल हरायला हवा होता. कोविडमुळे स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेली, पॅरिसला थंडी, चेंडूही नव्या कंपनीचा आणि जड वाटणारा. थंड रबर कमी उसळतं, आतली हवाही आकसते, नदाल स्वतः त्याबद्दल कुरकुरत होता. आणि एकही सेट न गमावता जिंकला, फायनलमध्ये जोकोविचला ६-०, ६-२, ७-५. पूर्ण मॅचमध्ये नदालच्या अनफोर्स्ड एरर (समोरच्याने भाग न पाडता स्वतःच केलेल्या चुका) होत्या १४, जोकोविचच्या ५२. पायांचं काम, डावपेच हे आहेच, पण मला वाटतं उसळीच्या कौतुकात आपण टॉपस्पिनचा जास्त मोठा फायदा विसरतो. चेंडू हवेत खाली बुडतो त्याच्याशी जमिनीचा काही संबंध नाही, उलट १० अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण ५ टक्के दाट असते आणि मॅग्नसचं बल तेवढंच वाढतं. उसळी गेली तरी नेटवरची ती मीटर-दीड मीटरची मोकळीक नदालकडे त्या थंडीतही शाबूत होती.