मोटारीच्या सुट्या भागांवरील बचत

मोटार दुरुस्तीला दिल्यावर बदलाव्या लागणाऱ्या सुट्या भागांचा खर्च, गाडीच्या सुरक्षिततेला आणि टिकाऊपणाला धक्का न लावता, आटोक्यात ठेवण्याच्या रीती. दुरुस्तीच्या बिलात भागांची किंमत आणि मजुरी असे दोन मुख्य आकडे असतात. ग्राहक घासाघीस करतो ती बहुधा पहिल्या आकड्यावर. पण कोणता भाग स्वस्तात घेणे परवडेल, हे ठरते दुसऱ्या आकड्यावरून. वायपरचे पाते किंवा एअर फिल्टर काही मिनिटांत बदलता येतो. तो लवकर खराब झाला तरी नुकसान तेवढ्यापुरतेच. क्लचप्लेटचे तसे नाही. ती बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि हलकी प्लेट थोड्याच दिवसांत घसरू लागली की गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची सगळी मजुरी पुन्हा भरावी लागते. म्हणून ज्या भागापर्यंत पोचायला खूप उघडझाप करावी लागते, तो भाग चांगल्यातलाच घ्यावा.

याच हिशेबाने, एकदा उघडलेल्या जागेतले शेजारचे झिजके भाग त्याच वेळी बदलणे स्वस्त पडते. टायमिंग बेल्टवर, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हचा पिस्टनशी मेळ राखणाऱ्या पट्ट्यावर, चालणारा पाण्याचा पंप बेल्टबरोबर बदलतात तो यासाठीच. क्लचबरोबर रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) तसेच. पुष्कळ इंजिनांत टायमिंग बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि दुरुस्ती थेट इंजिन उघडण्यावर जाते. अशा ठिकाणी वाचवलेले पैसे ही बचत म्हणता येत नाही.

बाजारातले भाग चार-पाच जातींचे असतात. मोटार कंपनीच्या खोक्यात येणारा तो ‘जेन्युइन’ भाग. मात्र गाडीतले बहुतेक भाग मोटार कंपनी स्वतः बनवत नाही. बॉश, डेन्सो, वालेओ, माले, झेडएफ यांसारखे पुरवठादार ते बनवून देतात. तोच भाग पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यात पुष्कळदा कमी किमतीत मिळतो. बचतीची ही सर्वांत निर्धोक वाट आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लोक वळतात. त्यानंतर येतात मूळ जोडणीशी संबंध नसलेल्या कारखान्यांचे ‘आफ्टरमार्केट’ भाग. यांत उत्तम ते टाकाऊ अशा सगळ्या पायऱ्या आढळतात. बोलीभाषेत कंपनीच्या खोक्याबाहेरच्या प्रत्येक वस्तूला सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणतात, आणि त्यामुळे मोठा घोटाळा होतो. स्वतःच्या नावाने विकला जाणारा आफ्टरमार्केट भाग ही प्रामाणिक वस्तू आहे. दुसऱ्याचे नाव चोरून विकलेला बनावट भाग ही फसवणूक आहे. बनावट माल फिल्टर, स्पार्क प्लग आणि ब्रेक पॅड यांसारख्या भरभर खपणाऱ्या वस्तूंत जास्त सापडतो. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या ऑइल फिल्टरच्या आत कागद अपुरा असला तर ते इंजिन झिजेपर्यंत कळत नाही.

ब्रेकच्या बाबतीत खूण पाहता येते. संयुक्त राष्ट्रांच्या आर ९० या नियमानुसार बदली ब्रेक पॅडचे घर्षण मूळ पॅडच्या तुलनेत १५ टक्क्यांहून अधिक कमी-जास्त असून चालत नाही. हा नियम लागू असलेल्या देशांत तशी मान्यताखूण पॅडवर असते. तिच्याविना मिळणारे अगदी स्वस्त पॅड टाळावेत.

जुन्या गाड्यांतून काढलेले भाग सर्वांत स्वस्त. दरवाजा, आरसा, काच, आसन, हेडलाइट यांसाठी ते उत्तम, कारण त्यांची अवस्था डोळ्यांनी दिसते. ब्रेकची घर्षण सामग्री, सीटबेल्ट, एअरबॅग, टायमिंग बेल्ट आणि रबरी नळ्या मात्र जुन्या घेऊ नयेत. त्यांचा थकवा वरून दिसत नाही. जुना टायर समोर आलाच तर बाजूवरचे चार आकडे वाचावेत : २००० पासून पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. जुना इंजिन कंट्रोल युनिट (इंजिन सांभाळणारा संगणक) दुसऱ्या गाडीच्या चावीशी आणि इमोबिलायझरशी, म्हणजे चोरी रोखणाऱ्या कुलपाशी, जोडलेला असू शकतो, त्यामुळे तो आपल्या गाडीत चालवण्याचा खर्च आधी विचारावा.

नव्या आणि जुन्या भागांच्या मधला प्रकार म्हणजे कारखान्यात पूर्ण उघडून, झिजलेले तुकडे बदलून आणि तपासून दिलेला पुनर्निर्मित भाग. रेनो कंपनीने पॅरिसजवळच्या श्वाझी-ल-रुआ येथे १९४९ पासून असे काम चालवले. अल्टरनेटर, स्टार्टर, टर्बोचार्जर, ब्रेक कॅलिपर आणि एसी कॉम्प्रेसर यांत हा पर्याय विशेष उपयोगी पडतो. विक्रेता जुना भाग परत मागतो आणि तोवर अनामत रक्कम धरून ठेवतो. जुना भाग गॅरेजनेच परत पाठवला, तर ती अनामत बिलातून वजा झाली की नाही हे पाहणे ग्राहकाच्या हाती.

काही वेळा पूर्ण असेंब्लीची, म्हणजे जोडून तयार मिळणाऱ्या सगळ्या संचाची, गरजच नसते. आरशाची नुसती काच, ड्राइव्ह शाफ्टचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याचे) फाटलेले रबरी बूट, कंट्रोल आर्मचा बुश, कॅलिपरचे सील किट हे सुटे मिळतात. बूट फाटल्याबरोबर बदलले तर आतला सांधा वाचतो. ग्रीस उडून माती शिरल्यावर आणि वळताना टकटक ऐकू येऊ लागल्यावर मात्र शाफ्टच बदलावा लागतो.

पण सर्वांत मोठी बचत नको असलेला भाग न घेण्यात आहे. ‘हा बदलून बघू’ ही पद्धत ग्राहकाला फार महागात पडते. गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरवर दिसणारा कोड कोणता भाग खराब आहे हे सांगत नाही. कोणते मोजमाप मर्यादेबाहेर गेले एवढेच सांगतो. पी ०१७१ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. कारण फाटकी व्हॅक्यूम नळी असू शकते, मळलेला हवामापक सेन्सर असू शकतो किंवा कमजोर इंधन पंपही. पी ०४२० दिसला की महाग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बोट जाते, पण एक्झॉस्टमधील गळती किंवा बिघडलेला ऑक्सिजन सेन्सरही तोच कोड आणू शकतो. म्हणून नीट तपासणीसाठी वेगळे पैसे मागणाऱ्या मेकॅनिकला ते आनंदाने द्यावेत. ब्रेक डिस्क बदलायला सांगितली तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी आणि प्रत्यक्ष मोजलेली जाडी दोन्ही विचारावीत.

भाग स्वतः आणून देणे कागदावर स्वस्त दिसते. गॅरेजला घाऊक सवलत मिळते आणि ते भागावर आपला नफा लावते हे खरे. पण त्याच नफ्यातून चुकीचा भाग परत करण्याची धावपळ आणि हमी यांचा भार उचलला जातो. ग्राहकाने आणलेला भाग निकामी झाला तर बहुतेक गॅरेज दुसऱ्यांदाची मजुरी सोडत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्यापेक्षा अंदाजपत्रकात भागाचा ब्रँड आणि क्रमांक लिहून मागावा आणि पुरवठादाराच्या खोक्यातला तोच भाग बसवाल का, असे सरळ विचारावे. भागाचा क्रमांक जुळवताना गाडीचा १७ अक्षर-अंकी व्हीआयएन (ओळख क्रमांक) वापरावा. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलमध्येही दोन आकारांचे ब्रेक असू शकतात. एकाच उद्योगसमूहाच्या वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत तोच भाग सापडतो, हेही भागाच्या क्रमांकावरूनच कळते.

दुसऱ्या कंपनीचा भाग बसवल्याने गाडीची सगळी हमी जाते, हा समज सर्वत्र खरा नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने विशिष्ट ब्रँडचाच भाग वापरण्याची सक्ती हमीला जोडण्यावर बंधन घातले, तर युरोपीय संघाच्या २०१० च्या ४६१ क्रमांकाच्या नियमाने पुरवठादारांचा आपल्या भागांवर स्वतःची मुद्रा उमटवण्याचा आणि ते स्वतंत्र गॅरेजना विकण्याचा मार्ग जपला. इतरत्र हमीपत्रातील अटी वाचूनच ठरवावे. काम संपल्यावर काढलेला भाग दाखवायला सांगावा आणि बिलावर बसवलेल्या भागाचा क्रमांक व हमीची मुदत लिहून घ्यावी. भाग मुदतीत निकामी झाला तर विक्रेत्याकडे जाताना हाच कागद लागतो.