नाव कोल्हापूरचं, पायताण आठ जिल्ह्यांचं

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात इटलीच्या प्राडा कंपनीची मॉडेल मुलं जे पायात घालून चालली, ते बघून कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या, म्हणजे चपलांच्या बाजारातल्या, कुणालाही कोल्हापुरीशिवाय दुसरं नाव सुचलं नसतं. तीच वेणी, तोच अंगठा, तोच सपाट तळ. कंपनीनं मात्र त्याला नुसतं ‘लेदर सँडल’ म्हटलं. त्यावरून गदारोळ झाला आणि गावात एकच प्रश्न फिरू लागला: जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे ना आपल्याकडं, मग खटला का नाही भरत?

प्रश्न सरळ आहे. उत्तरासाठी मात्र बरंच मागं जावं लागतं.

1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्याबरोबर बौद्धिक संपदेचा ‘ट्रिप्स’ करार लागू झाला. भौगोलिक मानांकन हा त्यातलाच एक भाग. या कराराचा कल पहिल्यापासून युरोपच्या बाजूला आहे. शॅम्पेनसारख्या वाइनला आणि मद्यांना त्यात जास्तीचं संरक्षण आहे; दुसरीकडच्या मालावर ‘त्या पद्धतीची’ असं लिहिलं तरी चालत नाही. चप्पल, साडी, गूळ यांना तेवढं नाही. तिथं गिऱ्हाईकाची फसगत होतेय हे दाखवावं लागतं. आपल्याकडं जाग आली ती बासमतीमुळं. 1997 मध्ये एका अमेरिकी कंपनीनं बासमतीच्या वाणांवर तिकडं पेटंट घेतलं, बोंब झाली आणि 1999 मध्ये संसदेनं भौगोलिक मानांकनाचा कायदा केला. तो अमलात यायला सप्टेंबर 2003 उजाडला. पहिलं मानांकन दार्जिलिंगच्या चहाला गेलं.

कोल्हापुरी चपलेचा नंबर लागला 2019 मध्ये, आणि तोही एकट्या कोल्हापूरच्या नावानं नाही. नोंदणी दोन सरकारी महामंडळांकडं आहे: महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचं लिडकर. इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे. गावात अजूनही काहीजण यावर नाक मुरडतात. पण धंदा बघितला तर त्यांचं म्हणणं टिकत नाही. कर्नाटकातल्या अथणी, निपाणीकडं घरोघर चपला होतात आणि कोल्हापूरच्या दुकानात येऊन ‘कोल्हापुरी’ होतात. असं आज नाही, पिढ्यान् पिढ्या चाललंय.

मुळात या कामाला सीमा नव्हतीच. चर्मकारांमध्ये सांगितली जाणारी हरळय्याची कथा बाराव्या शतकातल्या कल्याणची, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणची, बसवेश्वरांच्या काळातली. हरळय्या आणि त्याची बायको कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवण्णांना दिले, अशी ती कथा. पुढं हरळय्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी लागलं आणि बिज्जळ राजानं दोन्ही बापांना देहदंड दिला. चपलेचा इतिहास सांगताना आपण राजाश्रयापासून सुरुवात करतो, आणि ज्यांच्या हातून ती झाली त्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं हे मात्र सोयीनं गाळतो. शाहू महाराजांनी या धंद्याला आधार दिला, त्याचं मोल यामुळं वाढतं. चपलेला कोल्हापूरचं नाव चिकटलं ते संस्थानच्या या आश्रयानं आणि इथल्या पेठेमुळं.

जुन्या माणसांच्या तोंडी ‘कोल्हापुरी’ हा शब्द नसतोच. ते पायताण म्हणतात. त्यातली कापशी म्हणजे कागल तालुक्यातल्या सेनापती कापशीची. शिवाय करकर वाजणारी वेगळी. ती घालून माणूस गल्लीत शिरला की घरात आधी कळायचं. कातडं कमावायचं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात, शिवायचं ते चामड्याच्याच वादीनं. खिळा नाही. वेण्या घालायचं बारीक काम बहुतेक बायकाच करतात, आणि दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव कधीच नसतं.

अलीकडच्या कायद्यांनी या धंद्याला दिलं कमी, नेलं जास्त. 2015 मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, कातड्याची आवक घटली, भाव चढले. जीएसटीत स्वस्त पादत्राणांवरचा कर जानेवारी 2022 पासून पाचावरून बारा टक्के झाला. सप्टेंबर 2025 मध्ये अडीच हजारापर्यंतच्या जोडाला पुन्हा पाच टक्के.

आता तो खटल्याचा प्रश्न. जीआय राखतो ते नाव. प्राडानं नाव वापरलंच नव्हतं; घेतला होता घाट. घाट राखायला डिझाइनचा वेगळा कायदा आहे, पण तो मागतो नवेपणा, आणि नोंद झाली तरी संरक्षण जास्तीत जास्त पंधरा वर्षांचं. शेकडो वर्षांची चप्पल नवी कशी म्हणणार? जुनेपणा हीच जिची प्रतिष्ठा, तिला कायद्यात तोच आडवा येतो. त्यात भारतातली नोंदणी इटलीत चालत नाही. युरोपीय संघात खाद्यपदार्थ आणि मद्यांसाठी सामाईक मानांकन पूर्वीपासून होतं, कारागिरीच्या वस्तूंसाठीचा नियम लागू झाला 1 डिसेंबर 2025 ला.

तरी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. जुलै 2025 मध्ये ती फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं एवढंच, की ज्यांच्या नावावर नोंद आहे ते समर्थ आहेत, दाद मागायची तर त्यांनी यावं. म्हणजे दोन महामंडळांनी.

दरम्यान महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेच्या पत्राला उत्तर देताना प्राडानं भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं होतं. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन चपला कशा होतात ते बघून गेली. महामंडळं कोर्टात गेली नाहीत, टेबलावर बसली. डिसेंबरमध्ये लिडकॉम, लिडकर आणि प्राडा यांच्यात करार झाला: महाराष्ट्र-कर्नाटकात दोन हजार जोड करायचे, एका जोडाची किंमत सुमारे आठशे युरो. जूनमध्ये गाळलेला शब्द या मालाच्या नावात छापायचं ठरलं: ‘कोल्हापुरी चपलांपासून प्रेरित’.